जुनी जीप : दुरुस्ती आणि फेरफार



संतवाङ्मय, शेतीचे अर्थकारण, आहार व आरोग्य अशा विषयांच्या पंक्तीला यंदा संयोजकांनी जुनी जीपगाडी आणून बसवली आहे. हा पाहुणा जरा तेलकट कपड्यांचा आहे, हे मला मान्य आहे. परंतु पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे हे आपले कुरकुंभ. एका अंगाला दौंडचे जंक्शन, दुसऱ्या अंगाला बारामतीचा रस्ता, आणि उशाशी रासायनिक कारखान्यांची वसाहत. यंत्राशी संबंध येत नाही असे घर येथे क्वचितच सापडेल. असे असूनही यंत्राविषयी सभेत बोलण्याची आपल्याकडे चाल नाही. ते बिघडले म्हणजे मिस्त्रीकडे न्यावे, पैसे द्यावेत आणि पुन्हा बिघडेपर्यंत विसरून जावे, एवढाच आपला त्याच्याशी व्यवहार.

या व्यवहाराबाहेर जाऊन, फावल्या वेळात, पदरचे पैसे घालून जुन्या फोर-व्हील गाड्या, म्हणजे ज्यांच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर पोहोचतो अशा गाड्या, स्वतःच्या हाताने उघडणारी व जोडणारी माणसे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच एक. तेव्हा या छंदाची जाहिरात करण्यास मी उभा आहे, असे आपणांस वाटेल. तसे नाही. या छंदात आज जे चालले आहे त्यातले पुष्कळ मला पसंत नाही, आणि ते का पसंत नाही हे सांगावे, म्हणून मी हे आमंत्रण स्वीकारले. दुरुस्ती करताना आपण, ज्याने गाडी आखली त्याचे गणित समजून घेतो. फेरफार करताना ते गणित नव्याने मांडावे लागते. पहिले न करता दुसऱ्याला हात घालणारे फार झाले आहेत, आणि अशा गाड्यांत बायकामुले बसतात.

प्रथम ते गणित कोणी मांडले ते पाहू. १९४० च्या जुलैत अमेरिकेच्या सैन्याने १३५ कारखानदारांना पत्रे धाडली. हलकी, चारही चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी हवी, आणि नमुना ४९ दिवसांत हवा, अशी मागणी होती. बहुतेकांनी ती हसण्यावारी नेली. पेनसिल्व्हानिया संस्थानातल्या बटलर गावी बँटम नावाची एक डबघाईला आलेली छोटी कंपनी होती. तिने कार्ल प्रोब्स्ट नावाच्या इंजिनिअराला बोलावले, त्याने अवघ्या काही दिवसांत आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी मुदतीच्या आत नमुना हजर केला. पुढे विलीस आणि फोर्ड या मोठ्या कंपन्या मैदानात उतरल्या. विलीसचे इंजिन सर्वांत जोरकस ठरले, परंतु तिची गाडी ठरलेल्या वजनाच्या वर जात होती. त्यांचा मुख्य इंजिनिअर डेलमर रूस याने प्रत्येक बोल्ट तोलून, जास्तीची लांबी कापून वजन उतरवले. रंगाचा दुसरा हात देण्यापुरतीही सवलत उरली नव्हती, असे सांगतात. युद्ध संपेपर्यंत विलीस आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर पडल्या.

ही हकीकत मी करमणुकीसाठी सांगितली नाही. ज्या गाडीचा एकेक बोल्ट तोलून बसवला आहे, तिच्यात मणभर लोखंड वेल्डिंगने चिकटवताना क्षणभर थांबावे, एवढ्यासाठी सांगितली.

त्या युद्धकालीन जीपमध्ये एक लहानशी सोय होती. समोरचे दिवे बिजागरीवर बसवलेले असत. एक नट सैल केला की दिवा उलटा फिरे आणि त्याचा प्रकाश थेट इंजिनावर पडे. गाडी आखणाऱ्याने धरूनच चालले होते की ही कोठेतरी आडरानात, रात्री, बंद पडणार, आणि ती दुरुस्त करणारा कोणी पंडित नसून विशीतला एक शिपाई असणार. म्हणून तिचे सगळे अवयव हाताला लागतील असे ठेवलेले. पेट्रोलची टाकी चालकाच्या बुडाखाली, बॅटरी बॉनेट उचलताच समोर, गिअरबॉक्सपर्यंत पोहोचायला तळाचा पत्रा काढला की झाले. आजच्या गाड्या उत्तम आहेत, जुन्यांपेक्षा पुष्कळ सुरक्षितही आहेत. मी भूतकाळाचा भाट नव्हे. पण त्या उघडाव्यात अशी त्यांच्या कर्त्यांची इच्छा नसते. जुन्या जीपच्या कर्त्याची तशी इच्छा होती, म्हणूनच तिच्यावर छंद होऊ शकतो.

आपल्याकडे ती दोन वाटांनी आली. पहिली वाट डिस्पोजलची. युद्ध संपल्यावर सैन्याने वाहने विकावयास काढली. दुसरी वाट मुंबईची. १९४५ साली स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि कंपनीच्या नावात दोन्हीकडे महिंद्र आले. तिने विलीसकडून सुटे भाग आणून माझगावात जीप जोडावयास १९४९ साली आरंभ केला. पुढे कांदिवलीच्या कारखान्यात एकेक भाग येथेच होऊ लागला. तहसीलदार, पाटबंधारे, वनखाते, सहकारी साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार, या सर्वांच्या आठवणीत जी उंच बॉनेटची जीप आहे ती सी-जे-थ्री-बी. अमेरिकेत तिचे उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे तिचा सांगाडा त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिला.

आता ते बॉनेट उंच का, हे ऐकण्यासारखे आहे. युद्धातल्या जीपचे इंजिन २,१९९ घनसेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे, झडपा बाजूला असलेले. नंतर विलीसने त्यातली हवा आत घेणारी झडप वर नेली. शक्ती ७२ पर्यंत वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. जुन्या बॉनेटखाली ते बसेना. तेव्हा कंपनीने सरळ बॉनेटच उंच केले. म्हणजे ज्याला आपण अस्सल, मूळ जीप म्हणून डोक्यावर घेतो तीच मुळात एक फेरफार आहे! फेरफाराला माझा विरोध नाही, हे येथे ध्यानी घ्यावे. त्या फेरफारामागे हिशेब होता, एवढेच माझे म्हणणे.

हा हिशेब कळण्यासाठी फोर-व्हील म्हणजे काय हे पाहावे लागेल, आणि त्यासाठी आपण खळ्यावर जाऊ. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी बैलांची मळणी पाहिली आहे. तिवड्याला दावणीने चार बैल जोडले, की तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पावले टाकतो आणि कडेचा बैल धावतो. दोघांना सारखेच चालायला लावले तर दावण तुटेल. मोटार वळणावर असते तेव्हा तिच्या आतल्या व बाहेरच्या चाकांचे असेच होते. म्हणून मागच्या हाऊसिंगमध्ये डिफरन्शियल बसवलेले असते. ते एका चाकाला सावकाश आणि दुसऱ्याला भराभर जाऊ देते.

या गुणातच त्याचा दोष आहे. भीमेच्या काठची काळी माती पावसाळ्यात कशी होते ते तुम्हांला मी काय सांगावे! एक चाक चिखलात घसरू लागले की डिफरन्शियल सगळी गती त्या घसरणाऱ्या चाकाला देऊन टाकते आणि कोरड्यावरचे चाक स्वस्थ उभे राहते. येथे पुढच्या चाकांनाही जोर दिला तर गाडी निघण्याचा संभव वाढतो. ते काम गिअरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसचे. तिच्यात आणखी एक लहान गिअर असतो. तो टाकला की गाडी बैलाच्या चालीने चालते, पण ओढ पुष्कळ वाढते.

परंतु जुन्या जीपमध्ये पुढची हाऊसिंग आणि मागची हाऊसिंग यांच्यामध्ये मात्र डिफरन्शियल नाही. फोर-व्हील टाकले की दोन्ही शाफ्ट एका लोखंडी गाठीने बांधले जातात. वळणावर पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान; चिखलात हा फरक चाके थोडी घसरून भागवतात. डांबरी रस्त्यावर घसरता येत नाही, आणि मग तो ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, गिअरच्या दातांत साठत जातो. शेवटी लिव्हर अडकतो, किंवा काहीतरी तुटते. हमरस्त्यावर फोर-व्हील टाकून मिरवणाऱ्यांची दावण अशी तुटते. एवढे एक समजले तरी निम्म्या मोडतोडी टळतील.

आता आपल्या भागातला खरा फेरफार पाहू. पेट्रोल महागले आणि जीपला ते भरपूर लागे. तेव्हा गावोगावच्या मिस्त्रींनी त्या गाड्यांत डिझेल इंजिने बसवली. कोणी ट्रॅक्टरच्या जातीचे, कोणी मॅटॅडोरचे, पुढे कोणी पूजोचे. स्वतः महिंद्र कंपनीनेही ट्रॅक्टरच्या घराण्यातले आणि मागाहून पूजो डिझेल जीपमध्ये घातलेच. शहरातले संग्राहक या गाड्यांकडे नाक मुरडून पाहतात. मला ते अन्यायाचे वाटते. ज्याची जीप हे त्याचे पोट होते, त्याने ती डिझेलवर नेली नसती तर ती केव्हाच भंगारात गेली असती. आज धावत्या स्थितीत असलेल्या पुष्कळ जुन्या जीप त्या फेरफारामुळेच जगल्या आहेत.

मात्र चांगल्या मिस्त्रीने ते काम कसे केले ते पाहावे. नागरी जीपच्या मूळ आखणीत हाऊसिंगच्या क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. मूळच्या टायरचा घेर धरा सव्वादोन मीटरांना थोडा कमी. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेई. टॉप गिअरमध्ये चाकाचे ७४३ फेरे झाले, म्हणजे ताशी सुमारे ९८ किलोमीटर. तेथे सावकाश फिरणारे, २,००० फेऱ्यांचे डिझेल बसवले की वेग निम्म्यावर, ४९ वर आला. मालक म्हणतो, गाडी ट्रॅक्टरसारखी चालते. चालणारच, इंजिनच त्या जातीचे. मग क्राउन-पिनियन बदलून ३९ दात आणि ८ दातांचा जोड घालतात. पण तो एकाच हाऊसिंगमध्ये, मागच्याच, घातला तर? पुढची चाके एका हिशेबाने आणि मागची दुसऱ्या हिशेबाने फिरणार. फरक १० टक्क्यांचा. फोर-व्हील टाकले की दर शंभर मीटरला दहा मीटरांचा तंटा गाडीच्या पोटात सुरू होतो. गाडी विकत घेताना दोन्ही हाऊसिंगचे दात मोजून घ्यावेत असे मी सांगतो, ते यासाठी.

शिवाय डिझेल इंजिन जड. पुढचे पाटे बसले, म्हणून त्यांत एक पाटा वाढवला. पाटे ताठ झाले, म्हणून धक्के चासीला बसू लागले. चासीला चीर गेली, म्हणून पट्टी वेल्ड केली. ब्रेक मात्र हलक्या पेट्रोल गाडीचेच राहिले. ही साखळी जाणून जो अखेरपर्यंत काम नेई तो खरा कारागीर. पुष्कळांनी मध्येच सोडून दिले.

आता हौशी मंडळींकडे येतो. यांची गाडी पोटासाठी नाही, तेव्हा त्यांना घाईचे कारण नाही. तरीही काम कोठून सुरू होते? टायरपासून. दौंडकडच्या एका जुन्या मिस्त्रींच्या दुकानात ऐकलेला संवाद सांगतो. एक तरुण नवी घेतलेली, म्हणजे चाळीस वर्षांची जुनी, जीप घेऊन आला होता.

“मिस्त्री, टायर मोठे घालायचे. गाडी कशी रुबाबात दिसली पाहिजे.”

“दिसंल की दादा. पण थांबंल का?”

या दोन शब्दांत सगळे पदार्थविज्ञान आले. टायर मोठा म्हणजे आसापासून रस्त्यापर्यंतची तरफ लांब. ब्रेकचा ड्रम होता तेवढाच, नऊ इंचांचा. तेवढ्याच पकडीने जास्त लांब तरफ आवरायची. वर टायर मडगार्डला घासू नये म्हणून गाडी उंच करतात. उंच केली की शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर झिजतात, पुढच्या हाऊसिंगचा कल बिघडला तर स्टिअरिंग सरळ राहत नाही, आणि उंच गाडी वळणावर लवकर कलंडते. वेग दाखवणारा काटा कमी वेग दाखवतो तो वेगळाच. म्हणजे वेग खरा जास्त, ब्रेक खरा कमी. हौस म्हणून हे विकत घ्यायचे!

माझ्या मते या छंदाचा आरंभ ब्रेकपासून व्हावा, आणि त्याविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे. जुन्या जीपच्या ब्रेकची एकच मास्टर सिलिंडर असते, चालकाच्या पायाखाली, चिखलपाण्याच्या माऱ्यात. तिच्यातून निघणाऱ्या तेलावर चारही चाके अवलंबून. चारांपैकी एका चाकाची नळी फुटली, एक रबरी वाटी फाटली, की पायाखालचा पेडल तळाला जातो आणि चारही ब्रेक जातात. त्या काळच्या बहुतेक मोटारी तशाच होत्या, म्हणून कर्त्याला दोष देता येत नाही. पण आज पुढच्या व मागच्या चाकांना वेगळे तेल देणारी दुहेरी मास्टर सिलिंडर सहज मिळते. हा फेरफार मी डोळे मिटून करावा म्हणेन, आणि कोणी तो ‘मूळपणा’ला बाध आणतो म्हणाला तर त्याला खुशाल म्हणू द्यावे.

जुने लायनर काढताना एक काळजी घ्यावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधली काळी भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवण्याची आपल्या दुकानांत सर्रास पद्धत आहे. ती धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगापर्यंत मजल जाते, आणि तीही पंचवीस-तीस वर्षांनी, जेव्हा कारण कोणाला आठवत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका. दुकानातल्या लहान पोरांना हे काम सांगूच नका.

हँडब्रेकचेही एक आहे. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर पकडतो. हँडब्रेक ओढून मागचे एक चाक जॅकवर उचलले, की पुन्हा तो खळ्यावरचा हिशेब. शाफ्ट जखडलेला असतो, पण डिफरन्शियल जमिनीवरच्या चाकाला पुढे आणि उचललेल्या चाकाला उलटे फिरू देते. गाडी जॅकवरून सुटते. खाली माणूस असतो. चाकांना दगड लावल्याशिवाय या गाडीखाली जाऊ नये. हे कोणत्याही हौशी पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापावयास हवे.

ब्रेकनंतर स्टिअरिंग. ताशी पन्नासच्या पुढे गेले की पुढची चाके थडथडू लागतात आणि सुकाणू हातात नाचते, अशी जुन्या जीपची जुनी तक्रार. सामान्य उपाय म्हणजे टाय रॉडचे एंड बदलणे. कधी गुण येतो, कधी येत नाही. कारण पुष्कळदा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये असते. पुढच्या चाकाचा गोळा वरखाली दोन निमुळत्या बेअरिंगवर फिरतो, आणि त्यांचा घट्टपणा पत्र्याच्या पातळ चकत्यांनी, शिमांनी, ठरवायचा असतो. शिम कमी तर स्टिअरिंग जड, जास्त तर सैल. किती घट्ट हे हाताच्या अंदाजावर सोडलेले नाही. ऑईल सील काढून ठेवायचे, भाजीवाले वापरतात तसला स्प्रिंगचा काटा गोळ्याच्या टोकाला अडकवायचा, आणि किती वजनाला तो फिरतो ते पाहायचे. आकडा कारखान्याच्या पुस्तकात दिलेला असतो. हे काम करताना मी एका सुट्टीची सकाळ घालवली तर मला वाटते, काहीतरी झाले. चार शिम काढले, दोन घातले, काटा लावला, पुन्हा एक काढला. बाहेरून कोणाला काही दिसत नाही. पण नंतर त्या गाडीत बसून पाटसपर्यंत जाऊन यावे. सुकाणू दोन बोटांत राहते.

पाण्याविषयीही सांगावयास हवे. दौंडच्या कुरकुंभ मोरीत पावसाचे पाणी साचले की जीपवाल्यांना स्फुरण चढते. जीप पाण्यातून जाते, त्यासाठीच ती आहे. पण गरम हाऊसिंग एकाएकी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी ओढून घेते. तेलात पाणी गेले की त्याचे ताकासारखे पांढरे पाणी होते. पाण्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी तळाचा बोल्ट सैल करून पाहावे; पांढरे दिसले तर सगळे तेल बदलावे. ब्रेकचे ड्रमही उघडावेत. पाच मिनिटांच्या शौर्याला असे एका दिवसाचे काम जोडलेले असते.

आणि एक नवी अडचण, जी आपल्याच शेतातून आली आहे. आपल्या उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. देशाच्या दृष्टीने आणि ऊसवाल्यांच्या दृष्टीने त्याचे गुण असतील. त्या वादात मी शिरत नाही. पण जुन्या पेट्रोल जीपच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरमधले सील ज्या रबराचे आहेत ते इथेनॉलला टिकत नाही. ते फुगते, मऊ पडते, चिरते. वर इथेनॉल पाणी शोषते आणि टाकीला आतून गंज चढतो. मी मघाशी सांगितले, टाकी कोठे आहे ते: चालकाच्या आसनाखाली. तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या व नवे पडदे बसवणे हा फेरफार आता ऐच्छिक राहिलेला नाही.

सुटे भाग मिळतात का, असे नेहमी विचारतात. मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत नवे, मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात नशीब असेल तर जुने, मुंबईत कुर्ल्याला दोन्ही. मात्र नव्या डब्यातला भाग जुन्या मोडक्या भागापेक्षा चांगला असतोच असे नाही. क्रॉस घेताना सुया मोजाव्यात, बेअरिंग फिरवून ऐकावे. येथे जुना मिस्त्री बरोबर असला तर सोन्याहून पिवळे. तो भाग हातात घेऊन वजनावरून सांगतो. हे ज्ञान कोठे लिहिलेले नाही, आणि ज्यांच्या हातात आहे ते आता सत्तरीच्या घरात आहेत. त्यांची मुले संगणकाला वायर लावून दोष शोधतात. तेही ज्ञानच आहे, पण जुन्या जीपला वायर लावण्याची जागा नाही. आपल्यापैकी ज्यांना लिहिता येते त्यांनी अशा मिस्त्रीजवळ बसून शिमांचे, लायनरचे, दातांचे हिशेब वहीत उतरवून घेतले तर त्या वहीचा पुढे फार उपयोग होईल. हौशी माणसाला वेळ असतो. तो त्याने येथे घालवावा.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, की कारखान्याने दिलेला तपशील आणि नोंदणीपुस्तकातला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणेच वाचावयाचे, असा निर्णय दिला. इंधनाचा प्रकार बदलणे, इंजिन बदलणे, यांना नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीची वाट आहे. त्या वाटेने जावे. चासी कापून लांबी कमीजास्त करणे, भंगारातून चार गाड्यांचे भाग आणून पाचवी उभी करणे आणि तिच्यावर भलत्याच गाडीचा क्रमांक चढवणे, याला संमतीची वाट नाही. उत्तरेत मंडी डबवालीसारख्या गावांत अशा नव्या-जुन्या जीप बांधण्याचा मोठा धंदा आहे आणि तेथून त्या आपल्याकडेही येतात. रंग झकास असतो. घेण्यापूर्वी चासीवरचा क्रमांक आणि पुस्तकातला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. अपघात झाला की विमा कंपनी तेच करणार आहे.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या खाजगी वाहनांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, क्रमांकात विशेष अक्षरे, आणि रस्त्यावर आणण्याची मुभा प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कारणांपुरती. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, साटा, इंजिन यांत मोठा बदल नसावा. नियम एका दृष्टीने योग्य आहे. पण त्याचा परिणाम पाहा. धनिकाच्या गॅरेजात कापडाखाली झाकून ठेवलेली जीप या नियमात वारसा ठरते. आणि ज्या जीपने पन्नास वर्षे दुधाचे कॅन, आजारी माणसे, मतपेट्या वाहिल्या, जी जगावी म्हणून गावच्या मिस्त्रीने तिच्यात डिझेल घातले, ती या व्याख्येत बसत नाही. माझ्या दृष्टीने दुसरी जीप आपल्या भागाचा इतिहास अधिक सांगते. नियम करणाऱ्यांनी जुन्या, नोंद असलेल्या फेरफारांना एखादे वेगळे दालन ठेवले तर बरे होईल. तोवर अशा गाडीचे कागद, जुनी बिले, इंजिन बदलल्याची नोंद फाडून टाकू नका. उद्या दालन उघडलेच तर तोच तुमचा पुरावा.

अशा एका डिझेल जीपचे काम आमच्या मंडळींनी गेले दीड वर्ष चालवले आहे. ती बाहेर पटांगणात उभी केली आहे, बॉनेट उघडे आहे, तळाचा पत्राही काढून ठेवला आहे. ज्यांना ट्रान्सफर केस, दुहेरी मास्टर सिलिंडर, किंगपिन पाहावयाचे असतील त्यांनी अवश्य यावे. प्रश्नही तेथेच विचारावेत, येथे उभा राहून मी हात हलवून दाखवण्यापेक्षा ते बरे. मागच्या चाकांना दगड लावले आहेत, ते कोणी काढू नयेत. आणि इंजिन अजून गरम आहे, तेव्हा मुलांनी रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नये.